तुझ्या नावाची हजेरी

५ मार्च

लेकी,

आशीर्वाद वेगळे लिहायला सांगत नाही. ते तू नको म्हटलंस तरी पोचतात, त्यांना नदीतली बोट लागत नाही. हे बारावं पत्र. आधीच्या अकरांचं उत्तर आलं नाही. म्हणजे एक तर तू फार कामात आहेस, नाहीतर माझ्यासारखी हट्टी आहेस. हट्टी असशील तर दोष माझा. तुला द्यायला माझ्याकडे दुसरं होतंच काय?

लिहिणारं माणूस बदललंय. जुने कंपाउंडर बदली होऊन गेले, आता दवाखान्यात नर्सबाई आली आहे. अक्षर सुरेख आहे म्हणे. मला काय, मुंग्या ओळीने चालल्या तरी मला ते अक्षर सुरेखच वाटतं. मी बोलेन तसंच लिहायचं असं ठरलंय, पण मध्येच ती "आजी, हे असं लिहायचं?" म्हणून थांबते. मी म्हटलं, बाई, तू थांबलीस की मी थांबते, आणि मी थांबले की मला पुढचं आठवत नाही.

तिला आपल्या बागेची रीत माहीत नाही. तिला सांगते, तू ऐकल्यासारखं कर. नदीच्या वळणावर पंचेचाळीस वाफे आणि वहीत पंचेचाळीस नावं. इथे दुकान नाही, बाजार नाही, बोट येते ती पंधरा दिवसांनी. म्हणून पिकातला वाटा सगळ्यांना, पण वाफा ज्याचा त्याचा. रोज उजाडलं की अवजारांच्या शेडपाशी हजेरी होते. मुकादमीणबाई वहीतून नाव वाचते, ज्याचं असेल त्याने "हजर" म्हणायचं. लागोपाठ तीन दिवस आवाज आला नाही, तर नाव खोडायचं आणि वाफा रांगेतल्या पुढच्या घराला द्यायचा. एकदा खोडलेलं नाव पुन्हा चढत नाही.

तुझं नाव अजून आहे. तीन वर्षं रोज सकाळी तुझ्या जागी मीच "हजर" म्हणते. अगदी तुझा आवाज काढते, घाईतला, नाकातून, जणू कोणी तुझ्या वेणीवर पाय देऊन उभं आहे. सगळे हसतात. मुकादमीणबाई मान वर करत नाही. "आवाज आला, मला पुरे," म्हणते. फक्त सुताराची बायको हसत नाही. वाफ्यासाठी पहिला नंबर तिच्या घराचा आहे. घरात चार तोंडं आणि पाचवं पोटात.

आता गंमत ऐक. चार दिवसांपूर्वी माझी दाढ सुजली. नर्सबाईने सांगितलं, मिठाचं कोमट पाणी तोंडात धरा, शंभर मोजेपर्यंत थुंकू नका. मला शंभर कुठले येतात? मी बोटांवर दहा वेळा दहा मोजत होते. तशीच गाल फुगवून हजेरीला गेले. तुझं नाव आलं तेव्हा सहावं दहा चालू होतं. मी हात हलवले, पण मुकादमीणबाईची मान खाली. म्हटलं, गेला आजचा दिवस.

तेवढ्यात "हजर" ऐकू आलं.

मागून, साबुकंदाच्या पुरुषभर उंच झाडांतून. तुझा आवाज. शेजारीण माझ्या दंडाला चिमटा काढून म्हणाली, "आजी, आज अगदी हुबेहूब हं." मी पाणी गिळून टाकलं, खारट आणि सगळं.

नर्सबाई म्हणते दाढेमुळे ताप असेल. असेल बाई. तापात मला ऐकू येईल, पण शेजारणीची दाढ तर चांगली आहे.

नात किती वाढली? चार वर्षांची नेलीस, आता सात वर्षांची झाली असेल. सविस्तर लिहू नकोस, तुला जमणार नाही. आहेस एवढं कळव.

खाली अंगठा माझाच आहे, शाई जास्त झाली.


१९ मार्च

लेकी,

बोट आली, तुझं पत्र नाही. बोटीतून बादल्या आल्या, मीठ आलं, आणि मुकादमीणबाईचा चष्मा आला. आता ती वर बघेल अशी आम्हाला भीती होती, पण चष्म्यातूनही ती वहीतच बघते.

तुझा वाफा कोणीतरी साफ केला.

मी तीन वर्षं त्या वाफ्याला आवाज दिला, हात दिला नाही. गुडघे माझ्या एका वाफ्यालाच कसेबसे पुरतात. तिथे कमरेएवढं गवत होतं. आता एक काडी नाही. खुरपलंय, माती भुसभुशीत केली आहे, साबुकंदाच्या नव्या काड्या टोचल्या आहेत. आपण सगळे काडी टेकडीकडे कलती लावतो. या नदीकडे कलत्या आहेत. साऱ्या बागेत डावखुरी एकच होती आणि तिला मी त्यावरून रोज टाकून बोलत असे.

आणि पाणी घातलेलं असतं ते भर दुपारी. ऊन डोक्यावर आलं की इथे कुत्रंही बाहेर पडत नाही. त्या वेळी पाणी घातलं तर मुळं शिजतात, हे पोरासोरांनाही कळतं. एकटी तू घालायचीस. म्हणायचीस, तहान लागते तेव्हा प्यायला नको का?

मला आधी सुताराच्या बायकोचा संशय आला. विचारलं तर म्हणाली, "आजी, दुसऱ्याच्या वाफ्यात मी घाम का गाळू? माझा झाला की बघा कसा करते." खरं बोलली. तिच्या डोळ्यांत राग होता, आणि तो बरोबर होता.

मग मी सोमवारी मुद्दाम गप्प बसले. "हजर" आलं. मंगळवारी मी पण म्हटलं, म्हणजे दोन आवाज झाले. मुकादमीणबाई खाली मान घालूनच म्हणाली, "एकदा पुरे." बुधवारपासून मी म्हणत नाही. मला गरज पडत नाही.

तू गुपचूप आली असशील आणि माझी थट्टा करत असशील, तर आता पुरे कर. मी पुष्कळ हसले.

तुझ्या बाबांवरून मनात धरून बसली असशील, तर तेही पुरे. तू जाताना म्हणालीस, बोट आली असती तर बाबा वाचले असते. बोट आली नव्हती. हे मी तेव्हाही सांगितलं, दर पत्रात सांगते. नदीला फार पाणी होतं, बोट आलीच नाही.

नर्सबाई विचारते, आजी, हे दर पत्रात का सांगता? तिला म्हटलं, तू दाढेचं बघ.

तुझी आई.


२ एप्रिल

लेकी,

तुझ्यावाचून अडलं नाही. आधी हे लिही म्हटलं नर्सबाईला.

मी दुपारी जाऊन बसले. शेडच्या आडोशाला, डोक्यावर केळीचं पान धरून. बागेत सावली म्हणून उरली नव्हती, सगळी झाडं आपापली सावली पायाखाली घेऊन उभी होती. ती वाफ्यात पाठमोरी होती, बादली डाव्या हातात. मी नावाने हाक मारली नाही. "अगं ए," म्हटलं.

वळली. चेहरा तुझा. पण तू गेलीस त्या दिवशीचा. तीन वर्षांनी माणूस थोडं तरी उतरतं, जाड होतं, डोळ्यांखाली काही येतं. हिला काही आलेलं नाही.

मी म्हटलं, "चल घरी." आली.

शेजारणीने विचारलं, "लेक आली वाटतं? बोटीने आली का?" बोटीला अजून आठ दिवस होते. लोक दिवस मोजत नाहीत, माणूस दिसलं की झालं. मुकादमीणबाई तर म्हणाली, बरं झालं, आता खरा आवाज येईल.

ती पाणी भरते. चूल पेटवते. माझी पाठ चोळते. हात गार आहेत, जमिनीतून नुकताच उकरलेला कंद हाताला लागतो तसे. तिला भूक नाही, समोर ताट ठेवलं तर ते माझ्याकडे सरकवते. एक पान वाचतं.

आता तुला एक सांगायला हवं, हसू नकोस. तू गेल्यावर मी घरात एकटीच दोघींचं बोलायची. जेवताना माझं मी बोलायचं आणि तुझं उत्तरही मीच द्यायचं. "आई, जेवलीस का?" "आई, पाठ चोळून देऊ?" "आई, तुझंच बरोबर होतं." हे शेवटचं मी तुझ्या तोंडी जरा जास्तच वेळा घातलं, माझंच घर, मला कोण अडवणार?

ती तेवढंच बोलते. तेच शब्द, त्याच क्रमाने. मी विचारलं, "पोरगी कुठे आहे तुझी?" ती दाराकडे बघून शांतपणे म्हणाली, "आई, जेवलीस का?" मी विचारलं, "बाबांची आठवण येते का?" म्हणाली, "आई, तुझंच बरोबर होतं."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी गेलं. माणसाला सवय होते. तू होतीस तेव्हा घरात रोज भांडण होतं, आता नाही. तू सावकाश ये. न आलीस तरी इथे तुझं सगळं चाललंय.

(मी रक्तदाब बघायला आजींच्या घरी गेले होते. मला पाणी तिनेच आणून दिलं. भांडं हातात घेतलं तेव्हा ते इतकं गार होतं की मी प्यायले नाही. हे मी माझ्या मनाने लिहिते आहे. — लिहिणारी)

नर्सबाईने मध्ये काहीतरी जास्त लिहिलं. विचारलं तर शाई झटकली म्हणते. एवढी शाई?

तुझी आई.


१६ एप्रिल

लेकी,

कालच्या बोटीने तुझं पत्र आलं, बोट आज परतते. तीन वर्षांनी एक पान, आणि त्यातही मला नमस्कार नाही. मी आधी ते हुंगलं. साबणाचा वास होता. मग नर्सबाईला दिलं.

आज मी दवाखान्यात बसून सांगते आहे, घरी नाही. घरी ती आहे.

तू लिहिलंस की इस्पितळाच्या धुणंघरात काम करतेस, तिथेही सकाळी नावं घेतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस तू "हजर" म्हणालीस आणि तुझ्यापुढे गैरहजर लागलं. तू पुन्हा म्हणालीस, ओरडून म्हणालीस. शेजारी उभ्या बायकांनी वळूनही पाहिलं नाही. आधी एक दिवस, मग एक दिवसाआड, आता रोज. लिहिलंस की दुकानदार तुझ्या मागच्या माणसाला आधी विचारतो. लोक येऊन आदळतात आणि मग चकित होतात.

मग ते दुसरं. नर्सबाई तिथे थांबली, मी म्हटलं वाच. परवा पोरगी शाळेतून आली, तुझ्यासमोरून गेली, आणि शेजारणीच्या दारात जाऊन विचारलं, आमची आई कुठे गेली? तू तिच्या मागे उभी होतीस. हात धरलास तेव्हा तिने आधी हाताकडे बघितलं.

आणि खाली: "आई, तू तिथे माझ्या नावाने काय करत्येस?"

मी म्हटलं, काही नाही. नर्सबाई लेखणी ठेवून माझ्याकडे बघत राहिली. बघण्यात ती पोरगी चांगली आहे. म्हटलं, घे लेखणी.

बोट आली होती.

तू घरात बाबांच्या कपाळावर ओली फडकी ठेवत होतीस. मी धक्क्यावर गेले. बोट लागली, नावाड्याने विचारलं, कोणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, सगळे बरे आहेत, जा. बोट गेली, मी परत आले, आणि तुला सांगितलं की पाण्यामुळे आली नाही.

का, ते ऐक. तू गाठोडं बांधून ठेवलं होतंस. मी ते सोडून बघितलं. त्यात बाबांचे दोन कपडे होते आणि पोरीचे सगळे. लोकरीची टोपीसुद्धा, जी इथल्या उन्हात कोणी घालत नाही. ताप आलेल्या माणसाला शहरच्या इस्पितळात नेणारी बाई पोरीचे सगळे कपडे कशाला घेते? तू परत येणार नव्हतीस. मी म्हटलं, दोन दिवसांनी ताप उतरेल, तिच्याही डोक्यातलं खूळ उतरेल. माझा हिशोब चुकला. तू तरीही गेलीस, आणि बाबा तर त्याआधीच गेले.

एक माणूस मी धक्क्यावर "नाही" म्हणून घालवलं. म्हणून दुसऱ्याच्या बाबतीत रोज "हजर" म्हणत राहिले. मला वाटलं मी तुझी जागा राखते आहे. तुझी जागा इथे राखली गेली ती तुला तिथून उपसून.

आता काय करायचं ते मला कळतं. नाव खोडायला सांगायचं. रक्ताच्या माणसाने सांगितलं तर तीन दिवस थांबावं लागत नाही. मी आज सकाळी ठरवून गेले होते. तुझं नाव आलं आणि माझी जीभ उचलली नाही. ती बाजूला उभी होती, माझ्या पदराचं टोक धरून. "हजर" म्हणाली, मग माझ्याकडे बघून हसली. लेकी, खोडलेलं नाव परत चढत नाही. वाफा गेला की तुला इथे यायला काही कारण उरत नाही. मी आहे, पण मी काही कारण नव्हे, हे तू मला तीन वर्षं नीट समजावलंस.

उद्या करते. पत्रात लिहिलं म्हणजे करावं लागेल.

आई.


३० एप्रिल

लेकी,

आजच्या बोटीने तुझं आलं. एक ओळ. "सतरा तारखेला सकाळी हजेरी लागली." नर्सबाई म्हणाली, एवढंच आहे आजी. मी म्हटलं, पान उलटून बघ. तिने उलटलं. मग मला दाखवलं, कोरं असलं की मलाही वाचता येतं.

बरोबर आहे. धक्क्यावरच्या गोष्टीला काय उत्तर असतं? तू लिहू नकोस. पोरगी आता हाक मारते का, एवढं तिलाच दोन अक्षरांत लिहायला सांग.

सतरा तारखेचं सांगते. तुझं झालं ते तू सांगितलंस, माझं मी सांगते.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी मुकादमीणबाईकडे गेले. म्हटलं, लेकीचं नाव काढा, ती इथे नाही. ती म्हणाली, "आजी, दुपारी मला पपई देऊन गेली ती कोण मग? डोकं ठिकाणावर आहे ना?" आता आवाज पुरे म्हणणारी बाई माणूस दिसतं म्हणायला लागली. मी म्हटलं, उद्या हजेरीला बघू.

घरी आले. ती म्हणाली, "आई, जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. "आई, पाठ चोळून देऊ?" मी पाठ दिली. घ्यायला नको होती, कळतं मला. पण घेतली.

सकाळी सगळे उभे होते. सुताराची बायको मागे, कठड्याला टेकून, आता तिला फार वेळ उभं राहवत नाही. घरून आलेली ती माझ्या डाव्या हाताला. तुझं नाव वाचलं गेलं. तिने श्वास घेतला, तो मी ऐकला, आणि त्या आधी मी म्हटलं, "नाही."

मुकादमीणबाईने मान वर केली. तिचा चेहरा मी समोरून बऱ्याच वर्षांनी पाहिला. म्हणाली, "आजी, ही काय इथे उभी आहे."

मी म्हटलं, "तीन वर्षं आवाज माझा होता. हे सगळ्यांना माहीत आहे, सगळे हसलात. माझ्या आवाजावर तुम्ही नाव ठेवलंत, आता माझ्याच आवाजावर काढा. माझी लेक शहरात आहे. चादरी धुते. तिला मुलगी आहे. ती इथे नाही."

कोणी हसलं नाही. वहीवर रेघ ओढल्याचा आवाज झाला. कागदावर रेघ ओढली की आवाज होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मग माझा पदर ओढला गेला आणि ती म्हणाली, "आई, मी?"

हे मी तिला शिकवलं नव्हतं. तीन वर्षांत एकदाही मी हे तुझ्या तोंडी घातलं नव्हतं. हे तिचं स्वतःचं होतं, पहिलंच. लेकी, मी जर वळून बघितलं असतं तर मी तिला घरी घेऊन गेले असते, आणि तू आज ती ओळ लिहिली नसतीस. मी पायांकडे बघत राहिले. पदराला हळूहळू वजन राहिलं नाही.

नंतर शेजारणीने विचारलं, लेक परत कधी गेली? मी म्हटलं, सकाळीच. वाफा सुताराच्या बायकोला मिळाला. तिने नदीकडे कलत्या काड्या उपटून टेकडीकडे लावल्या. तिचा वाफा आहे.

पण तुला सांगायचं राहिलं ते असं. रेघ ओढून झाली, आणि मुकादमीणबाईने चष्मा सारखा करून पुढचं नाव वाचलं. वहीत तुझ्या खाली माझं आहे. सगळे थांबले. माझ्या डाव्या हाताला कोणी नव्हतं.

मी माझ्याच आवाजात म्हटलं, "हजर."